दक्षिण गंगोत्री : बर्फाखाली गेलेलं आपलं पहिलं ठाणं

उंडगा

सातवीत असताना आमच्या शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा झाली होती. प्रश्न आला, 'दक्षिण गंगोत्री कुठे आहे?' मी नाशिकचा. गोदावरीला दक्षिणगंगा म्हणतात हे आम्हाला बाळकडूतच मिळालेलं. मग दक्षिणगंगेची गंगोत्री म्हणजे ब्रह्मगिरी, त्यात विचार कसला करायचा? ठणकावून सांगितलं, 'त्र्यंबकेश्वर!' बाई हसल्या, वर्ग हसला, आणि बक्षिसाचा कंपास ब तुकडीतल्या मुलीने नेला.

परवा लेकीच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तेच वाक्य पुन्हा भेटलं. 'भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले केंद्र : दक्षिण गंगोत्री.' बस्स, एवढंच. तिने विचारलं, 'बाबा, आता तिथे कोण राहतं?' म्हटलं, कोणी नाही, ते बर्फाखाली गेलं. 'म्हणजे पडलं?' नाही गं, पडलं नाही. मग काय झालं ते तिला सांगायला बसलो आणि लक्षात आलं, की हे लिहूनच काढावं.

गोष्ट सुरू होते १९८१ मध्ये. जुलैत महासागर विकास विभाग स्थापन झाला आणि थेट पंतप्रधान इंदिरा गांधींच्या अखत्यारीत ठेवला गेला. त्याचे सचिव डॉ. सय्यद झहूर कासिम. ते त्याआधी गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. विभागाची खुर्ची अजून गरम व्हायची होती, तोवर ६ डिसेंबर १९८१ ला कासिमसाहेब २१ जणांची तुकडी घेऊन गोव्याहून निघालेसुद्धा. जहाज नॉर्वेचं, भाड्याने घेतलेलं, नाव 'पोलर सर्कल'. सगळं गुपचूप. वर्तमानपत्रांत अवाक्षर नाही. ९ जानेवारी १९८२ ला ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली आणि मग देशाला कळलं, की आपण तिकडे पोचलो. जेमतेम दहा दिवस बर्फावर काढून २१ फेब्रुवारीला परत गोव्यात. त्या दहा दिवसांत माणसाशिवाय चालणारं एक छोटं हवामान केंद्र लावलं, त्याचं नाव दक्षिण गंगोत्री. म्हणजे नाव आधी आलं, इमारत दोन वर्षांनी.

दुसरी मोहीम १९८२-८३ ची. नेते व्ही. के. रैना, भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हिमनद्यांचे जाणकार. कायमच्या तळासाठी जागा हेरणं हे तिचं एक काम.

आणि तिसरी म्हणजे खरी कामाची. १९८३ चा डिसेंबर, 'फिनपोलारिस' हे फिनलंडचं जहाज, ८१ माणसं, नेते डॉ. हर्ष गुप्ता, भूकंपशास्त्रज्ञ. लष्कराचे इंजिनियर, हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं, शास्त्रज्ञ, स्वयंपाकी. तिकडचा उन्हाळा म्हणजे दोन-सव्वादोन महिने. तेवढ्यात जहाज रिकामं करायचं, घर बांधायचं, जनरेटर चालू करायचे, आणि समुद्र गोठायच्या आत निघायचं. आठ आठवड्यांत घर उभं राहिलं. जहाज परतलं तेव्हा बारा जण मागे राहिले, लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मांच्या नेतृत्वाखाली. भारताची पहिली हिवाळी तुकडी.

जरा हिशेब करा. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा हे बारा जण तिथे. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी दिल्लीत इंदिराबाईंची हत्या झाली, तेव्हाही ते तिथेच. ज्या बाईंनी पाठवलं त्या गेल्या, आणि जहाज यायला अजून दोन महिने होते.

ठाणं होतं ७० अंश दक्षिण अक्षांशावर, प्रिन्सेस आस्ट्रिड किनाऱ्यावर. पण जमिनीवर नाही, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर, ज्याला आइस शेल्फ म्हणतात. तिथेच पुढची सगळी गोष्ट आहे. सहा हिवाळ्यांत बर्फाने ते गिळत आणलं. फेब्रुवारी १९९० मध्ये अधिकृतरीत्या बंद झालं, नंतर काही काळ सामान ठेवायला आणि वाटेतला थांबा म्हणून वापरलं गेलं. तोवर आत, खडकावर, आपलं दुसरं ठाणं 'मैत्री' तयार होतं.

'चुकीच्या जागी बांधलं म्हणून गाडलं गेलं' असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मला ते पटत नाही. कोणाला जास्त माहिती असेल तर लिहा.

मोगरा

वाचतेय. त्र्यंबकेश्वर भारी! गुण द्यायला हवे होते बाईंनी.

तिरकस

छान लिहिलंय, पण थोडं गुलाबी झालंय. जागा चुकीची नव्हती म्हणता, मग सहा वर्षांत बंद का पडलं? रशियनांचं नोवोलाझारेव्हस्काया त्याच भागात १९६१ पासून खडकावर उभं आहे, आजही चालू आहे. ते आपल्याला दिसलं नव्हतं का? मला तरी ही झेंडा रोवायची घाई वाटते. अंटार्क्टिकाचा कारभार ज्या देशांच्या करारावर चालतो, त्या अंटार्क्टिक करारात शिरायचं तर तिथे कायमचा तळ लागतो, म्हणून कसंबसं डबडं उभं केलं, सदस्यत्व पदरात पाडलं, काम झालं.

उंडगा

तिरकसराव, तारखा बघा. भारताने करारावर सही केली १९ ऑगस्ट १९८३ ला. मतदानाचा अधिकार असलेलं सल्लागार सदस्यत्व मिळालं १२ सप्टेंबर १९८३ ला, ब्राझीललाही त्याच महिन्यात. तिसरी मोहीम गोव्याहून निघाली त्यानंतर, डिसेंबरात. म्हणजे सदस्यत्व आधी, घर नंतर. करारात अट आहे ती भरीव संशोधनाची, आणि त्याचा दाखला म्हणून 'तळ उभारणे किंवा शास्त्रीय मोहीम पाठवणे' असं लिहिलंय. त्या 'किंवा'वर आपण आत गेलो. पहिल्या दोन मोहिमा पुरल्या.

तिरकस

मान्य, तारखांचं चुकलं. पण मग प्रश्न उलटा होतो. सदस्यत्व हातात होतं तर एवढी घाई कशाला? एखादं वर्ष थांबून खडकावरच बांधायचं.

निवृत्त_सॅपर

मी अंटार्क्टिकाला गेलेलो नाही, आधीच सांगतो. पण नोकरीची बरीच वर्षं लडाखात बर्फात बांधकामं करण्यात गेली, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

शिरमाकर ओएसिस, म्हणजे जिथे मैत्री आणि रशियनांचं ठाणं आहे, तो खडकाळ पट्टा बर्फाच्या कडेपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर आत आहे. जहाज लागतं ते बर्फाच्या कडेला. तिथून शेकडो टन सामान आत न्यायचं कसं? हेलिकॉप्टरने एका खेपेत किती नेणार? वाहनांचा ताफा न्यायचा तर वाटेत बर्फाला भेगा, वरून पातळ बर्फाने झाकलेल्या. वाट आधी माहीत हवी, काठ्या रोवून ठेवायला हव्यात, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या हव्यात, आणि त्या चालवणारे पूर्वी दोन-तीन उन्हाळे तिथे राबलेले हवेत. १९८३ मध्ये आपल्याकडे यातलं किती होतं? तुमच्याकडे आठ आठवडे आहेत. जहाजापासून जितकं जवळ तितकं बरं. कुठल्याही इंजिनियरने शेल्फवरच बांधलं असतं.

रशियनांचं विचाराल तर त्यांचंही तसंच झालं होतं. आधी लाझारेव्ह हा तळ शेल्फवर, मग आत खडकावर नोवोलाझारेव्हस्काया. 'नोवो' म्हणजे नवं. जुनं कुठलं ते नावातच आलं. ब्रिटिशांच्या हॅलीची पहिली चार ठाणी एकामागून एक बर्फाखाली गेली, पाचवं त्यांनी पायांवर उभं केलं, सहावं पायांना स्की लावून, की ओढून दुसरीकडे नेता यावं. जर्मनांचं पहिलं नॉयमायर १९८१ चं, त्यांनी तर आधीच पोलादी नळकांड्यांत घातलं, गाडलं जाणार हे धरूनच. शेल्फवर बांधणारा प्रत्येक जण घर भाड्याचं आहे हे जाणून बांधतो. मालक बर्फ.

आता गाडलं का जातं. पुष्कळांना वाटतं आभाळातून ढीगभर बर्फ पडतो. पडतो तो तुलनेने थोडा. खरा वैरी वारा. कोकणात पावसाळ्याआधी वाळूत ओढून ठेवलेली होडी पाहिली असेल. वाऱ्याच्या बाजूला वाळू खरवडली जाते आणि आडोशाच्या बाजूला लांब शेपटी तयार होते. दोन महिन्यांनी बघा, होडी अर्धी वाळूत. होडीवर वाळू कोणी टाकली नाही, होडीनेच ती अडवली. बर्फाचं तेच. पांढऱ्या सपाटीवर मैलोन्‌मैल काही नाही, आणि मध्येच तुम्ही एक घर आणून ठेवलं. वाऱ्याबरोबर जमिनीलगत वाहणारा भुगा पहिल्यांदा तिथेच थबकतो. एक हिवाळा, दुसरा हिवाळा, मग खिडक्या बंद, मग दार वर सरकतं. शेवटी छपरातून शिडीने आत उतरायचं.

फावड्याने किती काढणार? काढलेला ढीग कुठे टाकणार? तो ढीगही अडथळाच, त्यामागे आणखी भुगा साठतो. हे मी स्वतः केलंय. रोज सकाळी दार मोकळं करायचं आणि संध्याकाळी परत तेच. शिवाय आतल्या उबेने भिंतीलगतचा बर्फ वितळतो, पाणी होतं, ते पुन्हा गोठतं आणि लाकूड दाबतं.

मैत्री पोलादी खांबांवर उचलून बांधली. वारा खालून निघून जातो, भुगा थबकत नाही. हे शहाणपण आधीच्या घराने शिकवलेलं.

मोगरा

होडीचं उदाहरण फार आवडलं. आमच्या मुरुडला अशा होड्या दर वर्षी बघते, हे कधी सुचलं नाही. +१

वास्कोकर

शिरमाकर हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी आपल्या पेडणे-सावंतवाडीकडचा माणूस. शिरोडकर, शिरगावकर, शिरमाकर. नंतर कळलं, १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतला वैमानिक, त्याने तो पट्टा विमानातून पाहिला. पस्तीसेक चौरस किलोमीटर उघडा खडक आणि शंभराहून जास्त तळी. मैत्रीसमोरच्या तळ्याचं नाव प्रियदर्शिनी, पिण्याचं पाणी तिथलंच.

आमचं घर मुरगाव बंदराच्या वरच्या अंगाला. मोहिमेचं जहाज लागलं की आम्ही पोरं टेकडीवरून बघायचो. खनिजाच्या तांबड्या धुळीत सगळं बंदर माखलेलं आणि मध्ये हे एक वेगळंच दिसणारं जहाज. लाकडी पेट्या चढताना बघून आजी म्हणायची, 'इतकें सामान व्हरतात, थंय बाजार ना काय?' आजी, थंय बाजार ना, माणूसच ना.

आता जहाज गोव्याहून सुटत नाही. माणसं केपटाऊनला जातात आणि तिथून विमानाने थेट नोवोच्या बर्फाच्या धावपट्टीवर. पण सगळा कारभार अजून वास्कोतूनच. हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, १९९८ पासून.

ओवी

धागाकर्ते, तिसऱ्या मोहिमेबद्दल लिहिलंत आणि त्यातल्या दोन बायका राहिल्या! ८१ मध्ये दोघीच होत्या. जादवपूर विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या डॉ. आदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला.

आदितीताई जन्माने नागपूरच्या, घराणं औंधच्या पंतप्रतिनिधींचं. वडील अप्पासाहेब पंत, परराष्ट्र सेवेतले. आजोबा म्हणजे औंधचे राजे भवानराव, ज्यांनी सूर्यनमस्कार घराघरांत पोचवला. सूर्यनमस्कार घालणाऱ्या राजाची नात अशा ठिकाणी गेली, जिथे डिसेंबरात सूर्य मावळतच नाही. कधी थांबायचं हे कोण सांगणार!

शिक्षण पुणे, हवाई, लंडन, आणि नोकरी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. त्यांचा विषय समुद्रातले सूक्ष्म वनस्पती-प्लवक. दक्षिण महासागरात सगळ्याचं मूळ तेच. प्लवकावर क्रिल हा कोळंबीसारखा छोटा जीव जगतो, क्रिलवर पेंग्विन, सील आणि देवमासे. तिकडे सगळे तळ आणि झेंडे बघतात, आणि ही बाई बाटलीभर पाण्यात किती हिरवं आहे ते मोजतेय, हे मला फार आवडतं.

सेनगुप्ता बाई शिरमाकरच्या टेकड्यांत खडक तपासत फिरत होत्या. त्याही मुळातच गिर्यारोहक. १९९१ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

हिवाळा मात्र दक्षिण गंगोत्रीत कोणा बाईने काढला नाही. पुढे इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये 'भारती' या आपल्या तिसऱ्या ठाण्यावर ४०३ दिवस राहिल्या, तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून जिना न चढणाऱ्यांनी (मी) नोंद घ्यावी.

उंडगा

ओवी, कान पकडतो. हे धाग्यातच यायला हवं होतं.

तिरकस

सॅपरसाहेबांचं पटलं. घाईचा मुद्दा मागे घेतो. पण दुसरा मुद्दा सोडत नाही. १९५६ मध्ये कृष्ण मेननांच्या काळात आपणच संयुक्त राष्ट्रांत म्हणत होतो, की अंटार्क्टिकाचा प्रश्न सगळ्या जगाने मिळून चर्चेला घ्यावा. १९५९ मध्ये बारा देशांनी आपापसात करार केला, त्यात आपण नव्हतो. मग १९८३ मध्ये मलेशिया वगैरे देश 'हा श्रीमंतांचा क्लब आहे, तो संयुक्त राष्ट्रांकडे द्या' म्हणत होते, आणि नेमके तेव्हाच आपण क्लबात जाऊन बसलो. ज्या मांडवावर टीका करायची त्याच मांडवात पहिल्या पंगतीला.

उंडगा

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि आहे तेही. उत्तर नाही कारण तुम्ही म्हणता ते खरंच आहे, भूमिका बदलली. आहे अशासाठी, की करारात आतला एक आवाज झाल्याखेरीज तिथे कोणी काय खोदायचं, काय मारायचं हे ठरताना आपल्याला विचारलं नसतं. १९९१ चा पर्यावरणाचा माद्रिद करार झाला, खाणकामावर बंदी आली, तेव्हा आपण टेबलावर होतो. बाहेर उभं राहून घोषणा देता आल्या असत्या. मला आत बसणं जास्त उपयोगाचं वाटतं. तुम्हाला नसेल वाटत, चालायचंच.

दवाखाना_बंद

अवांतर, पण राहवत नाही. नोवोलाझारेव्हस्कायाचं नाव निघालं म्हणून. १९६१ च्या एप्रिलात त्या ठाण्यावरचा एकुलता एक डॉक्टर, लिओनिद रोगोझोव्ह, वय २७, त्यालाच अपेंडिसायटिस झाला. बाहेर वादळ, विमान येणं शक्य नाही. त्याने स्थानिक भूल घेऊन स्वतःच्या पोटावर स्वतः शस्त्रक्रिया केली. एकाने आरसा धरला, एकाने हत्यारं दिली. पंधरवड्यात पुन्हा कामावर. आम्ही शिकत असताना सर्जरीचे सर ही गोष्ट सांगायचे आणि मग आमच्या टाक्यांकडे बघून नुसते उसासे टाकायचे.

निवृत्त_सॅपर

अवांतर नाही हो. तिथे माणूस बारा महिने अडकतो म्हणजे काय, ते यावरून कळतं. आणि आपलीही माणसं गेली आहेत. ८ जानेवारी १९९० ला, नवव्या मोहिमेत, हम्बोल्ट डोंगरांतल्या तंबूत चौघांचा मृत्यू झाला. तिघे भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले, एक नौदलाचा संदेशवहन तंत्रज्ञ. बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठला. लडाखात दर हिवाळ्यात आम्ही जवानांना हेच बजावायचो, बुखारी (खोली तापवायची शेगडी) लावून झोपू नका, फट ठेवा. थंडीपेक्षा ऊबच मारते. त्या चौघांच्या नावाची पाटी तिथे आहे, अंटार्क्टिक कराराच्या वारसा यादीत तिचा क्रमांक ७८.

उंडगा

त्याच यादीत क्रमांक ४४ दक्षिण गंगोत्रीचा आहे. पहिल्या मोहिमेतल्या सदस्यांच्या नावांची पाटी. मोठी गंमत आहे, इमारत वारशात नाही, पाटी आहे.

नाव आणखी एका ठिकाणी उरलंय. शिरमाकरच्या कडेला उतरणाऱ्या एका हिमनदीच्या जिभेला दक्षिण गंगोत्री हिमनदी म्हणतात. १९८३ पासून आपले भूवैज्ञानिक तिचं टोक मोजतायत, किती मागे सरकलं ते. २००५ मध्ये तो भाग खास संरक्षित केला, परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. चाळीस वर्षांहून जास्त एकाच जागेची मोजमापं! माझ्या मते ठाण्याची खरी मिळकत ही. दर वर्षी जाऊन तोच आकडा घ्यायचा हे काम वर्तमानपत्रात येत नाही, पण तापमान बदलाबद्दल बोलताना याच वह्या उघडाव्या लागतात.

मोगरा

एक बाळबोध प्रश्न. ती इमारत आता नेमकी आहे कुठे? म्हणजे खणलं तर सापडेल?

निवृत्त_सॅपर

जिथे बांधली तिथे नाही, एवढं नक्की. शेल्फ म्हणजे खंडावरचा बर्फ समुद्राकडे सरकत येऊन तरंगायला लागलेला. तो सरकतच असतो, कुठे जोरात, कुठे अगदी सावकाश. त्यात जे गाडलं गेलं तेही बरोबर चाललं. वरून दर वर्षी नवा थर चढतो, म्हणून खालीही चाललं. कडेला पोचल्यावर तुकडा तुटतो आणि हिमनग होऊन निघून जातो. त्याला किती वर्षं लागतील हा त्या त्या जागेचा प्रश्न.

मोगरा

म्हणजे विसर्जनच की. फक्त मिरवणूक फार लांबलेली.

वास्कोकर

पुण्याच्या मिरवणुकीपेक्षा लांब?

तिरकस

आता धागा योग्य वळणावर आला.

तिकिटवेडा

उशिरा आलो. पोस्टाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून माझे दोन पैसे.

९ जानेवारी १९८३ ला, पहिली मोहीम उतरली त्याच्या वाढदिवशी, भारतीय टपाल खात्याने एक रुपयाचं तिकीट काढलं. १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीत टपाल सुरू झालं. पहिल्याच वर्षात तिथे दहा हजारांच्या आसपास पत्रांवर शिक्के पडले. बारा माणसं आणि दहा हजार पत्रं! घरी लिहिलेली नव्हेत अर्थातच. जगभरचे संग्राहक स्वतःचा पत्ता घातलेली पाकिटं जहाजाबरोबर पाठवतात, की शिक्का मारून परत द्या. १९८८ मध्ये ते रीतसर टपाल खात्यात आलं, गोवा विभागाखाली, आणि तिथल्याच एका शास्त्रज्ञाला मानद पोस्टमास्तर केलं. ठाणं बंद झाल्यावर पोस्ट मैत्रीत गेलं. २०२४ च्या एप्रिलात भारतीवर नवं टपाल कार्यालय उघडलं, त्याचा पिन एमएच-१७१८. एमएच कारण गोवा टपालाच्या दृष्टीने महाराष्ट्र परिमंडळात येतो. तेव्हा मंडळी, टपालखात्यापुरता अंटार्क्टिका महाराष्ट्रात आहे. कुठल्या तालुक्यात ते विचारू नका.

माझ्याकडे दक्षिण गंगोत्रीचा शिक्का असलेलं एक पाकीट आहे. पुण्यात जुन्या बाजारात एका पेटीच्या तळाशी मिळालं होतं, पंधरा रुपयांना. विकणाऱ्याला वाटलं गंगोत्री म्हणजे उत्तराखंडातलं.

उंडगा

पंधरा रुपये!! साल कुठलं आहे शिक्क्यावर?

तिकिटवेडा

शाई पसरली आहे. ८ स्पष्ट दिसतो, पुढचा आकडा ६ किंवा ८. उद्या उजेडात भिंगाने बघून सांगतो.

उंडगा

८८ असेल तर खात्याच्या पहिल्या वर्षातलं. ८६ असेल तर त्याच्याही आधीचं. नक्की बघा. आणि आत काही पत्र आहे का? तिथल्या कोणी लिहिलेलं?

तिकिटवेडा

बघितलं. ८६ आहे. पत्ता सदाशिव पेठेतला, पाठवणारा आणि घेणारा एकच. म्हणजे संग्राहकानेच स्वतःला धाडलेलं. आत पत्र नाही. पाकीट प्रवासात दुमडू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घातलाय.

ओवी

अरेरे. मला वाटलं कोणीतरी आईला लिहिलं असेल.

मोगरा

पुठ्ठा कोरा आहे?

तिकिटवेडा

नाही. लग्नपत्रिका कापून घातली आहे. मुंडावळ्यांचा गणपती अर्धा गेलाय. खाली एवढंच उरलंय, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.